एसटीला सरकारचे पैसे तिकिटामागे मिळतात, फेरीमागे का नाही?

रानवाट:

एसटीच्या पैशांवर बोलणं निघालं की दोनच पक्ष पडतात. एक म्हणतो सरकारनं अर्धं तिकीट, फुकट तिकीट वाटून एसटी बुडवली. दुसरा म्हणतो एसटी सरकारात विलीन करून टाका, सगळं मिटतं. मला दोन्ही पटत नाही आणि का पटत नाही ते सांगायलाच हा धागा काढलाय, लांब झालाय पण वाचा.

आधी पैसे येतात कसे ते बघू. महामंडळ चालतं १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली. त्याचं कलम २२ सांगतं की महामंडळानं धंद्याच्या तत्त्वावर कारभार करायचा. त्याच कायद्याचं कलम ३४ राज्य सरकारला महामंडळाला आदेश द्यायची मुभा देतं. म्हणजे कमवायचं एसटीनं, पण कुणाला किती सूट द्यायची ते ठरवायचं मंत्रालयात. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं, शाळा-कॉलेजच्या पासात दोन तृतीयांश सूट, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास, आणि अशा अजून कितीतरी. या सवलतींचा जो भाग प्रवाशानं भरायचा नाही तो सरकार एसटीला देणं लागतं. एखादी बाई अर्धं तिकीट काढून बसली तर उरलेलं अर्धं सरकारच्या खात्यातून येणार. त्यामुळं सवलतीनं एसटी बुडाली हे गणितात बसतच नाही, उलट २०२३ नंतर गाड्या भरून जायला लागल्या. पैसे उशिरा येतात, कमी येतात, ती तक्रार वेगळी आणि ती खरी आहे.

आता माझा मुद्दा. हे सगळे पैसे माणूस गाडीत चढला तरच मिळतात. गाडीच गेली नाही तर सवलतही नाही आणि सरकारचा पैसाही नाही. म्हणजे जिथं गर्दी आहे, जिल्ह्याच्या रस्त्यावर, दोन मोठ्या गावांच्या मधे, तिथं सरकारचा पैसा आपोआप जास्त जातो. आणि ज्या वाडीवर सकाळी बाराजण चढतात तिथं तो जवळजवळ पोचतच नाही. खरं म्हणजे सरकारच्या मदतीची गरज तिथंच जास्त आहे, कारण गर्दीची गाडी मदतीशिवायही बऱ्यापैकी चालते. वाडीवरच्या ७८ वर्षांच्या आजीला मोफत प्रवासाचा हक्क कागदावर आहे पण गाडी बंद झाली की त्या हक्काची किंमत शून्य.

म्हणून मला वाटतं सवलतीचे पैसे राहूदेत, पण त्यासोबत तोट्यातल्या गावफेऱ्यांसाठी किलोमीटरमागे पैसे द्यावेत. फेरी ठरलेल्या वेळेला गेली की पैसे, चढलेले पाच असोत की पन्नास. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी:

मुद्दा समजला पण एक प्रश्न आहे. ज्या फेरीला माणसंच नाहीत ती चालवायची कशाला? पन्नास सीटच्या गाडीत बाराजण नेणं म्हणजे डिझेल जाळणं. त्यापेक्षा तिथं वडाप, म्हणजे सीटवर माणसं घेणारी खाजगी जीप, चालतंय, लोक त्यानं जातात, त्यांची सोय होतेच ना. जी सोय खाजगी माणूस स्वतःच्या खिशातून करतोय ती करदात्याच्या पैशातून का करायची?

वाहक_निवृत्त:

हिशेबी साहेब, नमस्कार. मी एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केली, आता घरी आहे. वडाप जातं हे खरं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी सातला कॉलेजची पोरं असतात तेव्हा वडाप आहे, दुपारी दोनला दवाखान्यातनं परत जाणाऱ्या म्हाताऱ्याला वडाप नाही. रात्री तर नाहीच. आणि वडापात ना सवलत ना पास, पोरींना आत कोंबून बसवतात ते वेगळंच. गाडीचं तसं नाही, गाडीला वेळ असते, ती रिकामी असली तरी सुटायची. लोक त्या वेळेच्या भरवशावर दिवस आखतात.

आता फेरी कशी बंद पडते ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं कुणीतरी ठरवून बंद करतं. तसं नसतं. सकाळी आगारात समजा गाड्या कमी पडल्या, दोन वर्कशॉपला, एक रस्त्यात ब्रेकडाऊन. आता शेड्यूल तेवढंच आहे आणि गाड्या कमी. कुठली फेरी सोडायची? लांब पल्ल्याची सोडली तर रिझर्वेशनवाल्यांचे पैसे परत द्यायचे, बोंबाबोंब, आणि उत्पन्नही जातं. मग गावफेरी सोडतात. एकदा सोडली, दोनदा सोडली, लोकांचा भरवसा जातो, ती मोटरसायकल घेतात नाहीतर वडाप धरतात. मग चार महिन्यांनी कागदावर भारमान, म्हणजे गाडीतल्या किती सीट भरल्या ते, बघतात तर ते पडलेलं. मग भारमान नाही म्हणून फेरी कायमची बंद. आता सांगा, माणसं नव्हती म्हणून गाडी गेली का गाडी नव्हती म्हणून माणसं गेली?

डेपो मॅनेजरलाही दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडं विचारणा होते ती किलोमीटरमागं उत्पन्न किती यायला लागलंय त्याची. कुठल्या वाडीला किती दिवस गाडी गेली नाही हे त्याला कुणी विचारत नाही.

रानवाट:

वाहक साहेब, हेच मला इतक्या नीट सांगता आलं नव्हतं. विचारणा ज्याची होते तेच जपलं जातं.

हिशेबी, करदात्याचा मुद्दा बरोबर आहे म्हणून एक ढोबळ गणित करून बघू. आकडे मी समजा म्हणून घेतोय, खरे आगारागणिक बदलतील. समजा गाडी चालवायला किलोमीटरमागे ६० रुपये लागतात आणि गावफेरीत सवलतीसकट २५ रुपये येतात. जाऊन येऊन ८० किलोमीटरची फेरी. खर्च ४८०० रुपये, उत्पन्न २०००, तूट दिवसाला २८००. वर्षाला साधारण १० लाख. एका तालुक्यात अशा दहा फेऱ्या धरल्या तर एक कोटी. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत, म्हणजे साडेतीनशे कोटींच्या आसपास. आकडा छोटा नाही पण राज्याच्या बजेटला न झेपणाराही नाही, आणि त्यातनं हजारो गावांना ठरल्या वेळेची गाडी मिळते. याच्यापुढं तिकिटात १७.५ टक्के प्रवासी कर आहे तो ठेवा. तो एसटी प्रवाशाकडून घेते आणि सरकारला भरते. एका हातानं घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं उशिरा द्यायचं असा प्रकार आहे. निदान गावफेऱ्यांच्या तिकिटावरचा हा कर तरी माफ करा असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळामास्तरीण:

मी ग्रामीण भागात माध्यमिक शाळेत शिकवते म्हणून मुलींचा विषय मांडते. रानवाट, तुम्ही म्हणताय तशी एक गोष्ट राज्यात आधीपासून आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या आहेत, त्या गाड्या घ्यायला आणि चालवायला वेगळा निधी असतो. म्हणजे तिकीट किती फाटलं याच्यावर ती गाडी अवलंबून नाही, शाळेची वेळ आणि गाव यावर आहे. या गाड्या जिथं नीट चालतात तिथं आठवी-नववीनंतर मुली घरी बसवण्याचं प्रमाण कमी होतं हे आम्ही शिक्षक डोळ्यानं बघतो. घरचे मुलीला शिकवायला नाही म्हणत नाहीत, घरचे म्हणतात संध्याकाळी येणार कशी ते सांगा. या एका प्रश्नावर मुलीची दहावी ठरते.

पास मोफत आहे, आता तर पास शाळेतच मिळतो, फार चांगली गोष्ट झाली. पण जादा तास साडेपाचला सुटतो आणि शेवटची गाडी चारला असेल तर त्या पासाचं काय करायचं? मोफत पास देणं हे सरकारला सोपं जातं कारण त्याची जाहिरात होते. साडेपाचची गाडी चालू ठेवण्याची जाहिरात होत नाही, पण मुलीला गरज त्या गाडीची आहे.

विदर्भवाला:

+१ ताई.

पण मी विलीनीकरणाच्या बाजूचा आहे. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला तो उगाच नाही. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पगार ५६ टक्केच हातात पडला कारण सरकारकडून सवलतीचे पैसे पुरेसे आले नाहीत. ज्या माणसाच्या हातात पन्नास प्रवाशांचा जीव आहे त्याला महिन्याच्या सात तारखेला अर्धा पगार? आंध्रनं १ जानेवारी २०२० पासून एसटीचे कर्मचारी सरकारी केलेच ना.

रानवाट:

विदर्भवाला, पगार वेळेवर आणि पूर्ण मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. ५६ टक्के पगार ही लाजिरवाणी गोष्ट होती. पण विलीनीकरणानं कर्मचाऱ्याचा प्रश्न सुटतो, वाडीच्या फेरीचा सुटतोच असं नाही. आपल्याकडं नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीनं विलीनीकरणाच्या विरोधात अहवाल दिला तो तुम्हाला माहीत आहेच, तो वाद पुन्हा उकरत नाही. मी एवढंच म्हणतो की कर्मचारी सरकारी झाला तरी सकाळी गाडी कमी पडल्यावर कुठली फेरी सोडायची हा प्रश्न आगारात तसाच उभा राहणार. आणि जोपर्यंत गावफेरी सोडल्यानं कुणाचंच नुकसान कागदावर दिसत नाही तोपर्यंत तीच सुटणार.

उलट किलोमीटरमागे पैसे ठरले तर पगाराचाही भरवसा वाढेल. आज एसटीचं उत्पन्न पावसाळ्यात पडतं, परीक्षा संपल्यावर पडतं, लग्नसराईत वाढतं. खर्च मात्र बारा महिने सारखा.

मँचेस्टरकर:

इकडचं थोडं सांगतो कारण विषय अगदी तोच आहे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं लंडन सोडून बाकी ठिकाणी बस मोकळ्या बाजारावर सोडली, १९८६ पासून ते लागू झालं. कंपन्यांनी गर्दीचे रस्ते धरले, खेडी आणि रविवार-रात्रीच्या फेऱ्या सोडल्या. मग ज्या फेऱ्या समाजाला लागतात पण धंद्यात परवडत नाहीत त्यांच्यासाठी स्थानिक कौन्सिल टेंडर काढायचं, एवढ्या फेऱ्या एवढ्या वेळेला चालवा, आम्ही पैसे देतो. २०१० नंतर कौन्सिलांचे पैसे कापले गेले आणि सगळ्यात आधी याच फेऱ्या गेल्या.

ग्रेटर मँचेस्टरनं सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं बस परत सार्वजनिक नियंत्रणात घेतली, जानेवारी २०२५ ला ते पूर्ण झालं. आता मार्ग, वेळ, भाडं शहर ठरवतं, कंपनी फक्त कराराप्रमाणे गाडी चालवते आणि तिला त्याचे पैसे मिळतात. तिकिटाचे पैसे शहराकडे जमा. त्यामुळं कंपनीला रिकाम्या फेरीची भीती नाही, फेरी चुकवली तर मात्र पैसे कापले जातात.

त्याच वेळी सरकारनं २०२३ पासून इंग्लंडभर एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त २ पौंड केलं, २०२५ पासून ते ३ पौंड आहे. लोकांना आवडलं, मलाही आवडलं. पण ज्या खेड्यात दिवसाला दोनच बस आहेत तिथल्या माणसाला २ पौंडाचा उपयोग काय झाला? तुमच्या आजीचं उदाहरण इकडंही लागू पडतं.

हिशेबी:

मँचेस्टरकर, माहिती चांगली आहे. पण इथं माझी खरी भीती सांगतो. किलोमीटरमागे पैसे सुरू केले की किलोमीटर वाढवायची चढाओढ लागणार. गाडी रिकामी फिरवून बिल लावतील. कागदावर फेरी गेली, प्रत्यक्षात गेलीच नाही असंही होईल. तिकिटामागे पैसे देण्यात निदान एक पुरावा आहे की माणूस बसला होता.

आणि दुसरं, संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेलाय, २०२५ च्या जूनमध्ये श्वेतपत्रिका काढली त्यात सरकारनंच सांगितलं. अशा संस्थेला अजून एका नळानं पैसे सोडायचे तर आधी गळती बंद करा असं कुणीही म्हणेल.

रानवाट:

ही शंका योग्य आहे आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय ही मागणी पुढं नेता येणार नाही. पण बघा, किलोमीटरमागे पैसे देणं आपल्याकडं नवीन नाहीच. एसटीनं भाड्यानं घेतलेल्या गाड्या कशा चालतात? गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, एसटी त्याला किलोमीटरमागे पैसे देते, त्यात किमान किलोमीटरची हमीसुद्धा असते. इलेक्ट्रिक गाड्यांचा करारही किलोमीटरवरच आहे. म्हणजे प्रवासी कमी आले तर ठेकेदाराचं काही जात नाही, सगळी जोखीम एसटीची. मग जी पद्धत एसटी ठेकेदाराला लावते ती सरकार एसटीला का लावत नाही? ठेकेदाराचे किलोमीटर मोजता येतात तर एसटीचे पण मोजता येतील.

आणि सगळ्या फेऱ्यांना पैसे द्या असं मी म्हणतच नाही. पुणे-मुंबईला कशाला द्यायचे. तालुक्यानं यादी करायची, शाळा, दवाखाना, बाजाराचा दिवस बघून. त्या यादीतल्या फेऱ्यांनाच, आणि त्या वेळेवर गेल्या तरच.

वाहक_निवृत्त:

मोजायचं कसं ते मी सांगतो. गाडीत ट्रॅकिंगचं यंत्र आहे. तिकिटाच्या मशीनमधे प्रत्येक टप्प्याला वेळ पडते. वरनं ड्रायव्हरची लॉगशीट. तिन्ही जुळली पाहिजेत. खोटी फेरी दाखवायची तर तिन्हीकडं खोटं करावं लागेल, ते अवघड आहे. आणि सगळ्यात मोठी तपासणी गावाची असते. फाट्यावर उभं राहणारी पोरं आणि दूधवाला यांना विचारा, गाडी आली का नाही ते मिनिटासकट सांगतात. गाव फोन करून विचारतंय असं झालं तर कुणाची हिंमत नाही फेरी बुडवायची.

गाडी मोठी लागते असंही नाही. हिशेबी साहेबांचं डिझेलचं म्हणणं त्या बाबतीत मला मान्य आहे. अरुंद रस्त्याला, बारा-पंधरा माणसांना मिडी गाडी पुरते. आपल्याकडं यशवंती गाड्या होत्या तसल्याच. पण नवीन गाड्या घेताना मोठ्याच जास्त घेतल्या जातात कारण मोठी गाडी कुठल्याही मार्गाला लावता येते. सरकारनं भांडवलाचे पैसे देताना त्यातला एक हिस्सा लहान गाड्यांसाठी बांधून दिला पाहिजे.

अजून एक सांगायचं राहिलं, मुक्कामी गाडी. रात्री गाडी गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीत झोपतात, सकाळी साडेपाच-सहाला तीच गाडी निघते. या गाडीचं रात्रीचं उत्पन्न बघाल तर ती तोट्यातच दिसणार. पण सकाळच्या पहिल्या फेरीची माणसं त्याच गाडीमुळं आहेत, आणि ती माणसं तालुक्याला जाऊन पुढं जिल्ह्याची गाडी धरतात, त्यांचं पुढचं तिकीट दुसऱ्या मार्गाच्या खात्यात जमा होतं. मुक्कामी गाडी तोडली की जिल्ह्याच्या गाडीचं उत्पन्नही थोडं थोडं उतरतं आणि कळत नाही का उतरलं ते. नदीला पाणी वरच्या ओढ्यांचं असतं तसा हा प्रकार आहे.

शाळामास्तरीण:

वाहक काका, मुक्कामी गाडीचं हे इतक्या सविस्तर पहिल्यांदाच वाचलं. म्हणजे एका फेरीचा तोटा वेगळा काढून बघणंच चुकीचं आहे.

विदर्भवाला:

यादी तालुक्यानं करायची म्हणता पण करणार कोण? आमदाराच्या शिफारशीवर यादी झाली तर त्याच्या गावाला चार फेऱ्या आणि पाड्याला एकही नाही असं होईल. मेळघाट, गडचिरोलीकडं हे फार होईल.

रानवाट:

म्हणूनच नियम लिखित पाहिजे, शिफारस नको. माझ्या मते तीन गोष्टी बघाव्यात. गावातनं जवळच्या माध्यमिक शाळेपर्यंत अंतर किती, ग्रामीण रुग्णालयापर्यंत अंतर किती, आणि आत्ता दिवसात ठरल्या वेळेची सार्वजनिक गाडी किती. हे तिन्ही आकडे सरकारकडं आहेत किंवा तलाठी-ग्रामसेवक दोन दिवसांत गोळा करू शकतो. लोकसंख्या मुद्दाम धरली नाही, ती धरली की पाडे, वाड्या, तांडे परत मागं पडतात. यादी ग्रामसभेत वाचायची आणि आगाराच्या फलकावर लावायची, फेरीसमोर किती पैसे मिळाले आणि महिन्यात किती वेळा फेरी चुकली दोन्ही.

कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून महिलांना शक्ती योजनेत मोफत प्रवास आहे, तेलंगणात त्याच वर्षी डिसेंबरपासून. दोन्हीकडं बायका मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या, ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी सवलतीच्या विरोधात अजिबात नाही. पण तिथंही गर्दी वाढली तेवढ्या गाड्या लगेच वाढल्या नाहीत आणि महामंडळांची सरकारकडं थकबाकी राहतेच. म्हणजे आपल्याकडंच असं होतं असं नाही. सवलत एका दिवसात जाहीर होते, गाडी यायला वर्ष लागतं. आपल्याकडं २६४० नवीन गाड्यांचा निर्णय झाला, गाड्या यायलाही लागल्या, पण त्यातल्या किती गावफेऱ्यांना लागल्या हे कुठं बघायला मिळत नाही.

हिशेबी:

यादी फलकावर, चुकलेल्या फेऱ्या फलकावर, आणि चुकली तर पैसे कापणार, हे तिन्ही असेल तर माझा विरोध राहत नाही. पण फलकाशिवाय एक रुपया देऊ नये. आणि पैसे आगाऊ तिमाहीला द्यावेत, नाहीतर हेही सवलतीच्या पैशासारखं थकणार आणि परत पगारावर येणार.

रानवाट:

तिमाही आगाऊ, मान्य. हा मुद्दा मी धाग्यात घ्यायला पाहिजे होता इतका महत्त्वाचा आहे.

शाळामास्तरीण:

मग आत्ता काय करता येईल? आमच्या पालक सभेत हा विषय घ्यायचाय. नुसतं गाडी सुरू करा असं निवेदन दिलं की भारमान नाही असं उत्तर येतं आणि विषय संपतो.

रानवाट:

ताई, आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, विभाग नियंत्रक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं. तुमच्या गावांच्या फेऱ्यांचं मागच्या तीन वर्षांचं महिनावार भारमान आणि उत्पन्न मागा. ते हातात आलं की ग्रामसभेचा ठराव, शाळेचं पत्र वेळेच्या उल्लेखासह, आणि किती मुलींकडं पास आहेत ती संख्या, हे सगळं एकत्र जोडून द्या. संख्या महत्त्वाची, कारण पास असूनही गाडी नाही हे त्यातनं कागदावर येतं.

वाहक_निवृत्त:

अर्जात एक वाक्य वाढवा ताई. नुसतं भारमान मागू नका, त्याच फेरीचे रद्द किलोमीटर महिनावार मागा आणि रद्द होण्याचं कारणही मागा. भारमान पडलं त्याच्या आधीच्या महिन्यांत फेरी किती वेळा रद्द झाली ते शेजारी शेजारी ठेवलं की भारमान नाही हे उत्तर टिकत नाही. आणि अर्ज आगारात देऊ नका, विभागाला द्या, आगारातनं तो तिकडंच पाठवतात आणि त्यात दिवस जातात.